दोन बँडचा छोटा रेडिओ: डोळे आलेले असताना वापरून पाहिलेला

आधी वस्तू सांगते, मग दुखणं. हाताच्या पंज्यात मावेल एवढा रेडिओ. एफएम आणि मीडियम वेव्ह असे दोन बँड, दोन पेन्सिल सेल, ओढून लांब करायची अँटेना, उजव्या कडेला स्टेशन लावायची चकती, तिच्याखाली आवाजाची चकती, हेडफोनचं भोक. झालं. ब्लूटूथ नाही, पेनड्राइव्ह नाही, नाचणारे दिवे नाहीत, चार्जिंगची भानगड नाही. पुण्यात तपकीर गल्लीत हजाराच्या आतबाहेर मिळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्याचे तीन-चार वेगवेगळ्या नावांचे डबे एकाच काउंटरवर मांडलेले होते आणि आतला ऐवज फारसा वेगळा असेल असं मला वाटत नाही.

घेतला तो हौसेने नाही. २०२३ च्या जुलैत आळंदीच्या शाळांमधून डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता पिंपरी-चिंचवड, पुणं करत सगळीकडे गेली. आम्ही चिंचवडचे. मी घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. म्हणजे दिवसभर बायका येणार, माप देणार, माझीच टेप हाताळणार, माझ्याच आरशासमोर उभ्या राहणार. जुलैच्या शेवटी व्हायचं ते झालं. सकाळी उठले तर पापण्या चिकटलेल्या. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून सोडवल्या, तर आत लालभडक. खिडकीतून आलेला उजेडही टोचायला लागला.

डॉक्टर म्हणाले, हा विषाणू, बहुतेक अडिनोव्हायरस. याला मारणारं औषध नाही, तो त्याच्या चालीने जाईल. थेंब दिलेत ते त्यावर दुसरा जंतू बसू नये म्हणून. मेडिकलवाल्याने किंवा शेजारणीने सुचवलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालायचे नाहीत. टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा, आणि मोबाइल-टीव्ही जमेल तेवढा बंद.

"आणि शिलाई?" मी विचारलं.

"सुईत दोरा ओवून दाखवा, मग बोलू," म्हणाले.

समोरच्या वहिनींनी मटकीच्या उसळीचा डबा आणून दिला, पण मान भिंतीकडे फिरवून. डोळ्याला डोळा दिला की डोळे येतात, ही आपल्याकडची जुनी पक्की समजूत. खरं तर येतात ते हाताने. चोळला डोळा, लावली कडी, त्याच कडीला दुसऱ्याचा हात. पण वहिनींना हे सांगायला त्या माझ्याकडे बघायला तर हव्यात. मी काळा गॉगल लावून मागच्या खोलीत मुक्काम ठोकला.

आता या दुखण्याची गंमत अशी, की ते धडधाकट माणसाचं दुखणं आहे. ताप असला की माणूस पडून राहतो, वेळ आपोआप जातो, जेवायला उठवावं लागतं. डोळे आले की अंगात काही नसतं. पाय चालतात, हात शिवशिवतात, भूक दुप्पट लागते, फक्त बघायचं नाही. आणि घरात बसून वेळ काढायचे जेवढे म्हणून प्रकार आहेत ते सगळे डोळ्यांचे. मोबाइल डोळ्यांचा, मालिका डोळ्यांच्या, पेपर, शब्दकोडं, दिवाळी अंक, विणकाम, सगळं. तांदूळ निवडायचे म्हटले तरी खडा दिसावा लागतो. शेंगा सोलता येतात, तेवढं एक. पण घरच्या शेंगा किती सोलणार?

पहिल्यांदा मुलीने तिच्या मोबाइलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली. वाचणारे कलाकार चांगले होते, तक्रार नाही. पण पुस्तक तुमच्यासाठी थांबत नाही. दुपारी डुलकी लागली की गोष्ट दोन प्रकरणं पुढे गेलेली. मग मागे न्यायचं म्हणजे तो इवलासा गोल बोटाने सरकवायचा, तोही बघून. मुलीला हाक मारावी तर तिचं लेक्चर चालू. शेजारच्यांनी गाणी भरलेलं यंत्र दिलं होतं वापरायला; त्यात पाच हजार गाणी. छान वस्तू आहे. पण आजारी माणसाला पाच हजारांतून निवडा म्हणणं म्हणजे त्याच्या डोक्याला काम लावणं. आता भावगीतं, की लता, की आशा, की नाट्यगीतं? मी दर वेळी तीच चार गाणी लावत होते आणि दुसऱ्या दिवशी त्या चारींचाही कंटाळा आला.

मग भावजी आले. त्यांचं वायरिंगचं काम असतं, आठवड्यातून एकदा तपकीर गल्लीत फेरी ठरलेली. दारातूनच पिशवी सरकवली आणि म्हणाले, "वहिनी, ह्याला बघावं लागत नाही."

आणि खरंच लागत नाही. या वस्तूला मी सगळ्यात जास्त गुण देईन ते या चकतीचे. आजकालच्या स्पीकरांना सपाट बटणं असतात, कुठलं बटण कशाचं ते बोटांना कळत नाही. दाबलं की ते बाईच्या आवाजात इंग्रजीतून काहीतरी सांगतात. इथे कडेला दातेरी चकती आहे. अंगठ्याने वर लोटली की स्टेशन वर, खाली ओढली की खाली. दोन स्टेशनांच्या मध्ये खरखर, आणि त्या खरखरीतून माणसाचा आवाज वर येतो ती जागा अंगठा लगेच लक्षात ठेवतो. विविध भारतीचं १०१ आणि त्याच्या अलीकडची गाण्यांची खासगी स्टेशनं यांच्यातली अंतरं माझ्या अंगठ्याला पाठ झाली. आवाजाच्या चकतीला बंद करताना टक् असा खटका लागतो, तो तर फारच सोयीचा. रात्री झोपेत बंद केला की नाही, ते कानाला कळतं.

एफएम लावणं सोपं आहे. अँटेना पूर्ण ओढायची, खिडकीशी ठेवायचा, झालं. मीडियम वेव्हला मात्र हात बसावा लागतो, आणि इथे बहुतेक लोक चुकतात व "ह्यात काही लागत नाही" म्हणून रेडिओ परत करायला जातात. मीडियम वेव्हला त्या वरच्या दांडीचा काहीही उपयोग नाही. आतमध्ये फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. मीडियम वेव्हची अँटेना ती. ही कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी पडली की आवाज भरून येतो आणि तिचं टोक स्टेशनकडे वळलं की आवाज मरतो. म्हणून अख्खा रेडिओ पलंगावर जागच्या जागी हळूहळू फिरवायचा, बाही मुंढ्यात बसवताना फिरवून फिरवून बघतो ना, तसा. आमच्या मागच्या खोलीत पुणे केंद्र, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ, रेडिओचं तोंड स्वयंपाकघराकडे केलं की स्वच्छ यायचं. कपाटाकडे केलं की नुसती गुणगुण.

दुसरी गोष्ट भावजींनी सांगितली ती दिव्यांची. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सगळे मीडियम वेव्हवर घरघर सोडतात. चार्जर भिंतीतून काढला आणि बल्ब बंद केला, तर एकदम धूळ झटकल्यासारखा आवाज मोकळा झाला. मला दिवा तसाही नकोच होता. सिमेंटच्या सळईच्या इमारतीत आतल्या खोल्यांमध्ये मीडियम वेव्ह दुबळा पडतो हे खरं आहे. खिडकीपासून हातभर अंतरावर असलात तर जमेल, बेसमेंटला दुकान असेल तर सोडून द्या.

आणि रात्री तर या बँडवर बाजार भरतो. दिवसा जिथे दोन-तीन स्टेशनं, तिथे अंधार पडला की दहा-पंधरा. वातावरणातला एक थर दिवसा या लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. अंथरुणात पडल्या पडल्या कन्नड बातम्या, कुठली तरी तमिळ बाई अतिशय ठामपणे काही समजावते आहे, मध्येच उर्दू, त्याच्यावर चढलेलं भजन. कळत काही नव्हतं. पण डोळे मिटून जागं असलेल्या माणसाला कुणीतरी बोलतंय एवढं पुरतं.

आता रेडिओ म्हणजे नुसता डबा नाही, त्यात लागतं काय हेही परीक्षणातच आलं पाहिजे. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, आणि तिचा दिवस अजून बांधलेला आहे: सकाळी भूले बिसरे गीत, मग संगीत सरिता, दुपारी श्रोत्यांच्या फर्माइशी, संध्याकाळी फौजींसाठी जयमाला, रात्री हवामहलची नाटुकली, दहाला छायागीत. मला याचीच गरज होती. डोळे मिटून पडलेल्या माणसाचं पहिलं काय जातं, तर वेळ कळेनाशी होते. घड्याळ बघायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, खिडकीला जाड पडदा. दुपारचे दोन की पाच, पत्ता नाही. रेडिओ ऐकायला लागले आणि दिवसाला पुन्हा काठ आले. संगीत सरिता झालं की पहिले थेंब. फर्माइशी सुरू झाल्या की जेवणाचं ताट येणार. जयमाला लागली म्हणजे नवरा कामावरून घरी. निवडण्याचं ओझं माझ्यावर नव्हतं. लागेल ते ऐकायचं, नाही आवडलं तर पंधरा मिनिटांनी बदलणारच आहे.

संगीत सरिता मी आधी कधी धड ऐकलं नव्हतं. सकाळच्या त्या वेळेला माझ्या घरात कुकरच्या शिट्ट्या आणि डब्यांची धांदल. छोटासा कार्यक्रम, एक राग घेतात, गाणारा किंवा वाजवणारा माणूस तो उलगडून सांगतो, मग त्याच रागातलं सिनेमाचं गाणं. यमन म्हणजे काय हे मला पन्नाशीला कळलं, तेही डोळ्यांवर थंड पट्टी ठेवून. आता ब्लाऊज शिवता शिवता एखादं गाणं लागलं की मी "हा यमन" म्हणते आणि मुलगी डोळे फिरवते. दहापैकी चार वेळा बरोबर येत असेल.

पुणे केंद्राच्या सकाळच्या बातम्यांना मी रेडिओचं खरं मोल म्हणेन. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. २०२३ च्याच जूनमध्ये इथला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय निघाला होता. लोकांनी ओरड केली, तेव्हा तो थांबला. हे मी पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. पडून राहिल्यावर कळलं की त्या बातम्यांमध्ये काय असतं. धरणं असतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, कुठल्यात किती टक्के, कुठून किती क्युसेकने विसर्ग. आम्हाला चिंचवडला पाणी पवनेचं आणि तेही २०१९ पासून एक दिवसाआड, म्हणून मी पवनेचा आकडा येईपर्यंत श्वास रोखून असायची. निवेदकबाईंचा आवाज इतका सपाट की धरण भरलं काय आणि आटलं काय, त्यांना सारखंच. मला ते फार बरं वाटायचं. टीव्हीवर तीच बातमी तीन जण ओरडून सांगतात आणि खाली पट्टी पळते.

इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलैच्या रात्री. माझे डोळे आले तोवर शोध थांबवलेला होता आणि बातम्यांत वाचलेल्या लोकांना ठेवायचं कुठे, घरं कुठे बांधायची हे चालू होतं. चित्र नव्हतं समोर. फक्त एक बाई वाचत होती. मी चकतीला हात लावला नाही, बातम्या संपल्यावरसुद्धा.

संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम असतो. माझ्याकडे शेत नाही, कुंडीत गवती चहा आहे. तरी मी सोयाबीनवरची अळी, कांद्याची रोपं टाकायची वेळ, दुभत्या जनावराचा पावसाळ्यातला गोठा हे सगळं मन लावून ऐकलं. कृषी विद्यापीठातले एक सर होते, त्यांना मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, "मग शेतकरी बांधवांनी नेमकं काय करावं?" आणि सरांनी नेमकं सांगितलं: किती लिटर पाण्यात किती मिली, कुठल्या वेळी, वारं कुठून असताना फवारायचं नाही. गोल गोल बोलणं नाही. माझ्या डॉक्टरांखालोखाल स्पष्ट बोलणारा माणूस त्या दिवसांत तोच भेटला.

सासूबाई आत येत नसत. उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसत आणि तिथून हुकूम सोडत: "अगं, आवाज वाढव." त्या गिरगावात वाढलेल्या. मुंबई आकाशवाणीवरची पुन्हा प्रपंच ही घरगुती श्रुतिका ऐकायला चाळीत सगळे एका बिऱ्हाडात जमायचे, हे त्यांनी मला त्या आठवड्यात कितीदा तरी सांगितलं. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि पंत प्रभाकर जोशी. "आम्हाला त्यांची तोंडं ठाऊक नव्हती, पण रस्त्यात आवाज ऐकला असता तर ओळखलं असतं." मग रेडिओ सिलोन. तिथे सकाळच्या जुन्या गाण्यांच्या शेवटी रोज सैगल लावायचे, आणि सैगल संपला की आठ वाजले, शाळेत पळा. मग रेडिओचा परवाना. तो पोस्टात जाऊन काढायचा, दर वर्षी पैसे भरायचे, पुस्तकावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तपासनीस यायचा. "आणि आलाच तर?" मी विचारलं. "तर रेडिओ गोधडीखाली," म्हणाल्या, आणि एवढं हसल्या की खोकला लागला. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईंनी कधी बेकायदेशीर काही केलं असेल असं मला वाटलं नव्हतं. एरवी आम्ही दोघी संध्याकाळी एकाच सोफ्यावर बसून टीव्ही बघतो आणि जाहिरात लागली की भाजीचं बोलतो.

खासगी एफएमबद्दल थोडक्यात. कुणाचं नाव घेत नाही, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सारखंच. आवाज दणदणीत आणि स्वच्छ येतो, या रेडिओत तर सगळ्यात स्वच्छ तेच. पण दर तासाला तीच गाणी, आणि निवेदक गाण्याच्या मुखड्यावर बोलत राहतो. जाहिराती प्लॉटच्या, दागिन्यांच्या आणि गुडघ्याच्या ऑपरेशनच्या. रिक्षात बसलेल्या माणसासाठी ठीक आहे, वीस मिनिटांत उतरायचं असतं. दिवसभर पडून असलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत प्लॉटचा फोन नंबर पाठ होतो. मला झाला होता.

दुपारची वेळ या रेडिओचीही पडकीच. आकाशवाणीवर कधी कधी एखादं भाषण लागतं, ते लिहिलेलं कागदावरून वाचत असतात आणि पान उलटल्याचं ऐकू येतं. झोप चांगली लागते. याला दोष म्हणावा की गुण, आजाऱ्याने ठरवावं.

आता स्वच्छतेचं, कारण डोळे आलेल्या माणसाची वस्तू म्हणजे घरभर साथ. रेडिओवर सॅनिटायझर फवारायचा नाही. स्पीकरच्या जाळीतून आत गेला तर संपलं. आम्ही पहिल्या दिवशी तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड रबराने बांधलं. चकत्या पिशवीवरूनही फिरतात, अँटेनेसाठी कोपऱ्याला भोक पाडलं. आवाज जरासा दबतो, तो मागून जाळीच्या जागी टाचणीने टोचून मोकळा केला. पिशवी रोज बदलायची, जुनी टाकून द्यायची. हेडफोन मात्र कुणाचा घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही. माणूस हेडफोन नीट करता करता हात डोळ्यापर्यंत नेतोच.

तक्रारी आहेत, आणि त्या किमतीकडे बघून माफ करायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. सेलच्या झाकणाची जीभ अतिशय पातळ आहे, ती दुसऱ्यांदा सेल बदलताना तुटली. आता वर शिलाईच्या इलॅस्टिकचा तुकडा ताणून बसवलाय. डायलवर छापलेले आकडे आणि प्रत्यक्ष स्टेशन यांची गाठ पडत नाही. १०१ माझ्या रेडिओत १०० च्याही अलीकडे लागतं. डोळे बंद असताना याने काही बिघडलं नाही, पण डोळस माणसाला राग येईल. आवाज तीन चतुर्थांशाच्या वर नेला की स्पीकर फाटतो. तबल्याचा डग्गा तर पत्र्यावर वाजतोय असं वाटतं, म्हणून शास्त्रीय गाण्यासाठी हा रेडिओ नाही हे कबूल. आवाज बोलण्याचा आणि जुन्या गाण्यांचा. डायलला दिवा नाही. आपोआप बंद व्हायची सोय नाही, त्यामुळे छायागीत ऐकता ऐकता डोळा लागला की रात्रभर सेल जळतात. स्वस्तातले साधे सेल घालू नका, त्यांना पाणी सुटून आतल्या स्प्रिंगा गंजतात. आणि महिनाभर वापरणार नसाल तर काढून ठेवा.

मोबाइलवर आकाशवाणीचं अॅप आहे, त्यात देशभरची केंद्रं येतात, मग हा डबा कशाला, असं मुलगी म्हणते. बरोबर आहे तिचं. सांगली, रत्नागिरी, कोल्हापूर, सगळं त्यात मिळतं आणि खरखर नाही. पण अॅप मोबाइलमध्ये असतं. गाणं ऐकायला हात घातला की वरून संदेश टपकतो, "ताई, माझा ब्लाऊज झाला का?" मग उघडायचं, डोळे बारीक करून वाचायचं, उत्तर टाइप करायचं, डोळ्यातून पाणी. रेडिओवर मला कुणी ब्लाऊज विचारला नाही. श्रावण तोंडावर, अधिक महिना चालू, पुढे मंगळागौरी, त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांचा जीव टांगणीला. मुलीने सगळ्यांना एकच निरोप रेकॉर्ड करून पाठवला आणि मोबाइल स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवून दिला.

डोळे बरे झाल्यावरही रेडिओ अडगळीत गेला नाही. तो शिलाई मशीनच्या शेजारी आला, आणि तिथे एक नवीनच अडचण. माझ्या मशीनला मोटर आहे. पायाने पॅडल दाबलं की मोटरच्या ब्रशांमधून बारीक ठिणग्या उडतात, आणि त्यांची अख्खी फर्रर मीडियम वेव्हवर उमटते. शिवण चालू की पुणे केंद्र गायब, शिवण थांबली की बाई मधल्या वाक्यावर. एक दिवस तर पवना धरण "...टक्के भरले असून" एवढंच ऐकू आलं. एफएमला हा त्रास नाही. त्यामुळे मशीनवर बसले की विविध भारती, आणि काजं-बटणं, हातशिलाई, हूक लावणं अशी बैठी कामं मी सकाळच्या बातम्यांसाठी राखून ठेवते. पायमशीन असलेल्या बायकांनी ही ओळ सोडून दिली तरी चालेल.

घ्यायचा असेल तर दुकानातच तीन गोष्टी करून बघा. सेल घालून मीडियम वेव्ह लावून बघा, तिथे बाजारातल्या विजेच्या गोंगाटात खरखर येणारच, पण रेडिओ फिरवल्यावर ती कमी-जास्त होते ना, ते बघा. होत नसेल तर आतली कांडी सुटलेली आहे. डोळे मिटून दोन्ही चकत्या फिरवा आणि कुठली कुठली ते चुकतं का बघा. दुकानदार हसेल, हसू दे. आणि सेलचं झाकण दोन-तीनदा काढून घालून बघा, जीभ तिथेच तुटली तर दुसरा मागून घेता येतो. ऑनलाइन थोडा स्वस्त पडतो, पण हे तीन प्रयोग करता येत नाहीत. रेडिओबरोबर आम्हाला एक पानाची वॉरंटी आणि मनगटात अडकवायची दोरी मिळाली. सेल वेगळे घ्यावे लागले.